सरूबाईची रबराची वही

"चोरटी हाईस तू, सरू. सख्ख्या भावाच्या वहीतनं उचललंस."

हे वाक्य मी माझ्या कानानं ऐकलं, त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. काळेवाडीत तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या मधे भिंत नव्हती, पत्रा होता. एप्रिलचा गुरुवार होता. गुरुवारी कंपन्या बंद आणि लाइटही बंद. गरम होतंय म्हणून मी तांदूळ निवडत पत्र्याला टेकून बसले होते, असं मी आमच्या ह्यांना सांगितलं. खरं म्हणजे एप्रिलच्या दुपारी तापलेल्या पत्र्याला कुणी टेकत नाही. कानाची पाळी भाजली माझी. दोन दिवस खोबरेल लावत होते.

पलीकडे शेजारीण सरूबाई होती आणि तिचा थोरला भाऊ भीमराज.

"बोल की. आता का दातखीळ बसली?" भाऊ म्हणाला.

"च्या घेतोस का, दादा?"

"च्या नको मला. ते खडीचं गाणं पुन्हा म्हणायचं न्हाई. हळदीत न्हाई, जयंतीत न्हाई, कुठंच न्हाई. माझं नाव हाय त्यात."

"हाय की."

"वहीत अक्षर माझं हाय."

"हाय की."

"मग?"

मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. चोरीचा आळ आल्यावर जी बाई भांडत नाही, रडत नाही, शपथ घेत नाही, उलट चहा टाकते, तिच्याबद्दल काय समजायचं? मी समजले ते समजले. तांदळाचं ताट उचललं, आणि त्या दिवसापासून दुपारची कडी आतून लावायला लागले.

सरूबाई लातूरकडची. नवरा भोसरीत हेल्पर होता, तो काविळीनं गेला. मूलबाळ नाही. भांडणाच्या वर्षभर आधी ती एक पेटी, एक गोधडी आणि बुद्धाची तसबीर घेऊन आमच्या शेजारी राहायला आली. पहिल्याच दिवशी तिनं मला चहाला बोलावलं. मला पित्त आहे, मी म्हटलं. ते पित्त पुढं दोन वर्षं टिकलं. ते कसलं पित्त होतं हे वाचणाऱ्याला कळलं असेल, मी आता लपवत नाही.

पोटासाठी ती रबराचं काम करायची. कोंडीराम म्हणून एक माणूस टेंपोतून रबरी रिंगांची पोती आणून घरोघर टाकायचा. गाड्यांमधे बसतात तसल्या रिंगा, बांगडीएवढ्या, अंगठीएवढ्या, काही तर डुलाएवढ्या. साच्यातून निघताना त्यांच्या कडेला पातळ पापडी राहते, ती छोट्या कात्रीनं छाटायची. आमच्या गल्लीत निम्म्या बायका हे काम करायच्या. सगळ्यांचे हात काळे आणि सगळ्यांच्या घरी रबराचा वास. पण काम संपलं की छाटलेला माल एका पोत्यात आणि बिघडलेला एका डब्यात टाकून बायका मोकळ्या व्हायच्या. सरूबाई तसं करायची नाही. ती डब्यातून चार-सहा रिंगा वेचायची, उजेडात धरून बघायची आणि कमरेच्या चंचीत घालायची. पान खायची नाही, तंबाखू खायची नाही, मग चंची कशाला? तर रबरासाठी.

मी एकदा कोंडीरामला बाजूला घेतलं.

"कोंडीराम, तुमचा माल नीट बघून घेत जा हो. माझं नाव नको यायला, पण पलीकडच्या बाईची चंची रोज फुगते."

तो हसला. "रिजेक्ट असतंय ते, यशोदाबाई. मला विचारून घेती."

"कशाला पण?"

"मीबी विचारलं. म्हणली, मोजायला लागतात."

"काय मोजायला?"

"ते न्हाई बोलली. तुमीच विचारा की, शेजारीण तुमची."

मी कशाला विचारू? विचारलं की संशय संपतो, आणि दुपार घालवायला दुसरं काय होतं माझ्याकडं?

भाऊ दर गुरुवारी यायचा. तो दापोडीत राहायचा आणि त्याची गाण्याची पार्टी होती. पेटी, ढोलकी, मागं सूर ओढायला चार जण. जयंतीला, लग्नाला, वास्तुशांतीलासुद्धा बोलावणी असायची. कंपनीत तोही हेल्परच, पण शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावायचा, एक निळं, एक लाल, म्हणजे लांबून बघणाऱ्याला साहेब वाटावा. काखेत जाडजूड वही. आला की दोघं बसायची. सरूबाई हळू काहीतरी पुटपुटायची, तिचे शब्द मला लागायचे नाहीत. मग भाऊ मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणायचा. मला वाटायचं, मास्तर शिकवतोय. आणि आठवडाभर सरूबाई कात्री चालवत गाणी घोळवत बसायची, ती इतकी अडखळत की ऐकणाऱ्याला दम लागावा. अर्धी ओळ म्हणायची, थांबायची. तीच ओळ दुसऱ्या शब्दानं म्हणायची. पुन्हा थांबायची. मी ह्यांना म्हणायचे, "भाऊ बिचारा जीव तोडून शिकवतो, पण हिच्या डोक्यात काही राहतच नाही."

एकदा तर एकाच ओळीवर दोन आठवडे अडली. "अंगठ्याला फडकं..." म्हणायची आणि थांबायची. "अंगठ्याला पट्टी..." आणि थांबायची. "अंगठ्याला दोरा..." मी भाकऱ्या थापत होते. शेवटी माझ्यानं राहवलं नाही. पत्र्यावर पिठाचा हात आपटून मी ओरडले, "चिंधी गं बाई, चिंधी! अंगठ्याला चिंधी!"

पलीकडे कात्री थांबली. मग सरूबाईनं पूर्ण ओळ म्हटली, चिंधीसकट, एका दमात, आणि पुढची पण. मला वाटलं, बघा, न शिकता मी बरोबर ओळखलं. ही माझी हुशारी मी पुढं कितीतरी जणींना सांगितली.

तो भांडणाचा गुरुवार त्यानंतर थोड्याच दिवसांनी आला. सरूबाईनं शेजारच्या गल्लीतल्या एका हळदीत ते गाणं म्हटलं होतं आणि शेवटच्या कडव्यात भावाचं नाव घ्यायच्या जागी स्वतःचं घेतलं होतं. आमच्याकडं गाण्याच्या शेवटच्या कडव्यात करणाऱ्याचं नाव येतं. अमका सांगे, तमकी म्हणे. ते नाव म्हणजे गाण्याचा सातबारा. भावाच्या कानावर गेलं, आणि मग जे झालं ते मी सुरुवातीलाच सांगितलंय.

त्यानंतर भावाचं येणं बंद झालं आणि सरूबाईचं गाणं सुरू झालं. पार्टी नाही, पेटी नाही, एकटी. हातात एक डफडी. हळद, बारसं, डोहाळजेवण, कुणी कंपनीतून रिटायर होणार असेल तर त्याचा समारंभ. एकदा गेटवर बसलेल्या कामगारांनी नेलं, तिथंही गाऊन आली. अलीकडे पुनावळ्याच्या बाराव्या मजल्यावरूनही बोलावणं यायचं. तिथल्या मुली तिला सिनेमातलं म्हणायला सांगायच्या. ती म्हणायची, "ते तुमचा गाण्याचा डबा म्हणतोय की, मला कामून बोलावलाव?" आणि आपलंच म्हणायची. दुसऱ्याचं गाणं तिनं कधी म्हटलं नाही. प्रत्येक घराचं गाणं वेगळं.

तिची रीत अशी होती. समारंभाच्या आठ दिवस आधी त्या घरी जायची आणि स्वयंपाकघरात बसून खोदून खोदून विचारायची. नवरीला आई कोणत्या नावानं हाक मारते? लहानपणी कुठं पडली होती? सासरी नळाला पाणी किती वाजता येतं? चौकशी अशी की पोलिसानं लाजावं. मग घरी येऊन रिंगा छाटत पुटपुटायची. आणि आदल्या दिवशी पुन्हा जायची. घरातलं सगळ्यात वयस्क माणूस असेल त्याच्यापुढं बसून अख्खं गाणं म्हणून दाखवायची आणि विचारायची, "काय खुपायलंय का?" त्यानं ओळ काढ म्हटलं की काढायची. कारण विचारायची नाही. मी मनात म्हणायचे, दोनदा जाते ती घरं बघून ठेवायला. कुठं कपाट आहे, कुठं किल्ली आहे. एकाही घरातून कधी चमचा गेला नाही, तरी मी म्हणायचे.

आमचे हे रिटायर झाले तेव्हा कंपनीतल्या मित्रांनी तिलाच सांगितलं. आली माझ्याकडं विचारायला.

"मालकाला काय आवडतं, यशोदाबाई?"

"कशाला हवंय?"

"गाण्यात घालायला की ओ."

"त्यांना शांतता आवडते," मी म्हटलं. त्यावर ती हसत निघून गेली.

आदल्या दिवशी म्हणून दाखवलं. आमच्या सासूबाई तेव्हा नव्हत्या, ह्यांना सोडलं तर घरात थोरली मीच. गाण्यात एक कडवं होतं. रात्रपाळीहून येताना हा माणूस चपला दारातच काढून हातात घेऊन आत येतो, बायकोची झोप मोडू नये म्हणून. छत्तीस वर्षं संसार केला मी, मला हे माहीत नव्हतं. मी झोपलेली असायचे.

"काय खुपायलंय का?" सरूबाईनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं आणि आत जाऊन उगाच भांडी घासली. मग मनात आलं, ही बाई पहाटे आमच्या दाराकडं काय बघत असते? पत्र्याला दोन बाजू असतात हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पण कुठल्याही गाण्यात ती स्वतःचं नाव घालायची नाही. शेवटचं कडवं बिननावाचं. लोक म्हणायचे, "बाई, तुमचं नाव येऊ द्या की." ती म्हणायची, "नावाचं काय." मी मनात म्हणायचे, एकदा चोरी पकडली गेली, आता कुठल्या तोंडानं नाव घालेल? आणि खडीचं गाणं तर तिनं पुन्हा तोंडातसुद्धा आणलं नाही.

अशी वर्षं गेली. पत्रा जाऊन विटांची भिंत आली. आमचे हे गेले. तिसऱ्या दिवशी सरूबाई भाकरी-पिठलं घेऊन आली आणि मी खाल्लं. पित्त केव्हाच गेलं होतं. संशय तेवढा राहिला होता, सवयीचा.

मागच्या वर्षी माझी नात दिव्या सरूबाईच्या मागं लागली. दिव्या कॉलेजला आहे आणि तिचं फोनवर चॅनेल आहे. आधी ती माझ्या भाज्या दाखवायची, त्या कुणी बघेना.

"सरूआजी, तुमचं एक गाणं म्हणा ना. सगळ्यात जवळचं."

सरूबाईनं हातातली रिंग चंचीत टाकली. मग म्हणाली, "आता वय झालंय माझं. एक तरी गाणं माझ्या नावानं जाऊ दे." आणि खडीचं गाणं म्हटलं. दुष्काळात तिची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, त्याचं गाणं. शेवटचं कडवं असं:

*सरू सांगे, बाई, रस्ता डांबराचा झाला*
*माझ्या मायचा गं हात त्याच्याखाली राह्यला*

आठ दिवसांत ते हजारो लोकांनी ऐकलं. काळेवाडीच्या जयंती मंडळानं तिला सांगितलं, यंदा संध्याकाळी मोठ्या स्टेजवर तुम्ही. सरूबाईनं नवं लुगडं काढून उन्हात टाकलं. नवव्या दिवशी गाणं फोनवरून गायब. भीमराजच्या पार्टीची जुनी कॅसेट होती, तिच्यात हेच गाणं होतं आणि शेवटी नाव भीमराजचं. त्याच्या घरून तक्रार गेली होती. मंडळाची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, राग मानू नका. वादाचं गाणं स्टेजवर नको. भावाशी मिटवून घ्या, नाहीतर यंदा राहू दे."

"मिटलंय की, कवाच," सरूबाई म्हणाली. पण ह्या वेळी तिनं चहा टाकला नाही. नवं लुगडं घडी करून पेटीत ठेवलं आणि दारात रिंगा छाटत बसली. त्या दिवशी पुटपुटण्याचा आवाज नव्हता. नुसती कात्री.

दिव्या चिडली होती. मी गवार मोडत होते. मी म्हटलं, "तुला सांगत नव्हते मी? माझ्या कानानं ऐकलंय. भावानं तोंडावर चोरटी म्हटलं तिला."

"त्यानं म्हटलं. ती काय म्हणाली?"

"चहा घेतोस का म्हणाली. बोलायला जागाच नव्हती. त्याच्या वहीत लिहिलेलं होतं ना सगळं." मी चौथी शिकलेली बाई, लिहिलेल्या गोष्टीचा मला मोठा धाक.

दिव्यानं तिच्याकडं ठेवलेलं गाणं पुन्हा लावलं. पाचवं कडवं आलं.

*अंगठ्याला चिंधी, चिंधी भिजली लाल लाल*
*माय म्हणे, लेकी, मेंदी काढलिया काल*

"ही चिंधी मी सांगितली होती बरं का तिला," मी म्हटलं. "दोन आठवडे विसरली होती. मी पत्र्यातून ओरडले तेव्हा कुठं आठवलं."

"तू भीमराज आजोबांचं गाणं आधी ऐकलेलं होतंस?"

"छे. मी कुठं ऐकणार?"

"मग त्यातला शब्द तुला कसा माहीत?"

"अगं, खडी फोडणाऱ्या बाईच्या अंगठ्याला दुसरं काय असणार? माझ्या आईच्याही होती. मी आपलं सुचलं ते बोलले, ते बरोबर निघालं."

दिव्यानं गाणं थांबवलं. "आजी, तुला सुचलं ते बरोबर निघालं, की तुला सुचलं ते तिनं घातलं?"

माझ्या हातातली गवार तशीच राहिली.

मग मी एकेक गोष्ट मांडून बघायला लागले, जशी मी इतकी वर्षं सरूबाईच्या विरुद्ध मांडत होते. अडखळायची कधी? शुक्रवार ते बुधवार. भाऊ यायचा कधी? गुरुवारी. गुरुवारी भाऊ जे गाणं मोठ्यानं म्हणायचा, ते शुक्रवारपासून ती कधी घोळवत नव्हती, एक चिंधीची ओळ सोडली तर. शुक्रवारी नवंच अडखळणं असायचं. शिकलेलं पाठ करणारी बाई शिकवल्यानंतर घोकते. ही आधी घोकायची. भाऊ सुटे सुटे शब्द म्हणायचा ते शिकवायला नाही, लिहिता लिहिता. चोरलेलं गाणं कुणी असं ठेचकाळत म्हणेल का? गाणं जन्मताना मी त्याच्याशेजारी बसले होते, आणि मला वाटत होतं ही बाई ढ आहे.

मी उठून पलीकडं गेले. "सरूबाई, उद्या निघोज्याला जायचंय."

"कशाला?"

"तुझ्या भावाकडं. मला काहीतरी सांगायचंय त्याला."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. चंची कमरेला नीट खोचली आणि म्हणाली, "गुरुवार हाय उद्या. घावंल."

भीमराज रिटायर झाल्यावर निघोज्यात मुलाकडं राहायला गेला होता. मुलगा तिकडंच चाकणच्या कंपनीत. नाशिक फाट्याहून बस, पुढं शेअर रिक्षा. बसमधे मी विचारलं, "तेव्हा गप्प का बसलीस गं?"

"नवरा गेल्ता. माहेर म्हणून दादाच राह्यला होता," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "गाणं काय, दुसरं करता येतंय. भाऊ कुठून करू?"

"आणि मी ओरडले होते, चिंधी म्हणून, ते आठवतं?"

"न आठवायला काय झालं? तवाच कळलं, ही बाई ऐकायलीय. मग मी जरा मोठ्यानं म्हणायला लागले."

माझा हात आपोआप कानाच्या पाळीकडं गेला.

भीमराज ओसरीवर खुर्चीत होता. गुडघे गेलेले. केस पांढरे, पण खिशाला पेनं दोनच. नात करिष्मा आमच्यासाठी पाणी घेऊन आली. ती चाकणला कंपनीत तपासणीवर आहे, माल बरोबर की बिघडलेला ते बघते.

"जय भीम, दादा," सरूबाई म्हणाली.

"जय भीम." त्यानं माझ्याकडं बघितलं. "ह्यांना साक्षीला आणलंस व्हय?"

"मी आपली आपणहून आले," मी म्हटलं. "तुमचं खडीचं गाणं वहीत आहे म्हणता. बघू तरी."

"करिष्मा, आण गं वही. बघू दे ह्यांना. तारीख हाय त्याच्यावर."

प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही आली. पानं पिवळी पडलेली, अक्षर मात्र मोत्यासारखं. माझा चष्मा घरी राहिला होता, म्हणून करिष्मानंच वाचायला घेतलं. वाचता वाचता पाचव्या कडव्याला थांबली. वही उजेडात धरली, अगदी सरूबाई रिंग धरायची तशी.

"आजोबा, सगळं गाणं निळ्या शाईत आहे. 'चिंधी' तेवढी लाल कशी? दोन्ही ठिकाणी?"

भीमराजनं खिशातल्या पेनांवर हात ठेवला.

"जागा सोडून लिहिलंय," ती म्हणाली. "शब्द नंतर भरलाय. लाल पेनानं."

"तुम्ही लिहून घेतलंत त्या गुरुवारी शब्द नव्हता ना," मी म्हटलं. "मधल्या आठवड्यात मिळाला. कुठून मिळाला ते मी सांगते. मीच तो पत्र्यातून ओरडून दिला, पिठाच्या हातानं. गाणं तुमचं असतं तर तुमच्या वहीत माझ्या शब्दासाठी जागा कशाला राहिली असती, भीमराज?"

मी तयारी करून गेले होते, अजून बरंच बोलणार होते. पण सरूबाईनं माझ्या हातावर हात ठेवला. चंची सोडली. त्यातून सुतळीत ओवलेल्या रिंगांची एक माळ काढली. बारीक, जाड, चपट्या, काळ्या, एक तपकिरी.

"वही तुझी हाय, दादा. ही माझी. मला कुठं लिहिता येतंय?" तिनं एकेक रिंग बोटानं सरकवली. "ही आई. हा रस्ता. ही जाड, हे ऊन. ही टोपली. ही चिरलेली, अंगठा. तवा शब्द घावला नव्हता म्हणून चिरलेली घातली. मग राहू दिली तशीच."

कोंडीरामला ती म्हणाली होती, मोजायला लागतात. कडवी मोजत होती. आणि मी टेंपोवाल्याकडं तिची चुगली केली होती.

भीमराज माळेकडं बघत होता. मग एकदम म्हणाला, "तू केलीस. कबूल. पण चार लोकांत नेली कुणी? पंचवीस वर्षं पेटी खांद्यावर मारून कोण फिरलं? मी नसतो तर रबराच्या पोत्यात मेली असती तुझी गाणी."

"खरं हाय."

"मग?"

"मी कवा न्हाई म्हणलं? नाव घातलास, घाल म्हणलं. वहीत लिवलास, लिव म्हणलं." सरूबाईचा आवाज तसाच होता, पण माळ हातात घट्ट धरलेली. "तू चोरटी कामून म्हणलास, दादा?"

वीस वर्षांपूर्वीच्या भांडणाचं तिनं उत्तर दिलं ते असं. बाहेरून एक रिक्षा भोंगा वाजवत गेली. करिष्मा दारात उभी होती. म्हाताऱ्यानं खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, बंद केलं.

"करिष्मा," तो म्हणाला, "त्या फोनवर तक्रार केलीय ती माघारी घेता येती का बघ."

माफी नाही मागितली. ती त्याच्याकडून निघालीच नाही. सरूबाईनंही ओढून काढली नाही.

जयंतीला सरूबाई मोठ्या स्टेजवर उभी राहिली, नव्या लुगड्यात. आधीच सांगितलं, "माझ्या दादानं हे गाणं गावोगाव नेलंय," आणि मग म्हटलं. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घेतलं तेव्हा तिनं आवाज वाढवला नाही की कमी केला नाही. चिंधीचं कडवं आलं तेव्हा मात्र माझ्याकडं बघितलं. मी पदर तोंडाला लावला. शेजारणींना वाटलं रडतेय. हसत होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी करिष्माचं लग्न निघालं आणि हळदीचं गाणं सरूबाईकडं आलं. हळदीला ती नव्हती. आदल्या रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही. हळद आठ दिवस पुढं ढकलली, आणि करिष्मानं फोनवर भरून घेतलेलं गाणं तिच्या मैत्रिणींनी म्हटलं. भीमराजनं पेटीवर साथ केली असं ऐकलं. मला तिकडं जाववलं नाही. तिची चंची माझ्याकडं आहे. तीत अठरा माळा आहेत आणि त्यातली एकच मला वाचता येते.

पण त्या आदल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. तो गुरुवार होता. रिवाजाप्रमाणं ती गाणं दाखवायला निघोज्याला निघाली आणि मलाही म्हणाली, "चला, तुमचं काय काम हाय घरी? तुमाला तर ऐकायलाच लागतंय." बसमधे ती माळ चाळत पुटपुटत होती. एका ठिकाणी अडली, मी शब्द सुचवला, तिनं नाक मुरडलं. माझा शब्द बादच होता.

भीमराजच्या स्वयंपाकघरात ती जमिनीवर बसली. म्हातारा पाटावर बसू शकत नव्हता, त्याला खुर्ची आत आणून दिली. घरातला सगळ्यात वयस्क तोच. तिनं अख्खं गाणं म्हटलं. करिष्मा लहानपणी घसरून पडली ती विहीर, कंपनीच्या गेटवर ती पंच करते ते कार्ड, सासरी पाणी येतं ती पहाट. शेवटच्या कडव्यात 'सरू सांगे' आलं. मग माळ मांडीवर ठेवून तिनं विचारलं,

"काय खुपायलंय का, दादा?"



"च्या घेतीस का?" त्यानं विचारलं.

"घेते की," सरूबाई म्हणाली.

चहा झाला. माळ चंचीत गेली, चंची कमरेला. परतीच्या बसमधे तिनं मला विचारलं, कोंडीरामचं पोतं आज येणार होतं का. आलं असेल, मी म्हटलं. आलंच होतं, दारात पडलेलं. तिनं ते आत ओढून घेतलं, तोंड सोडलं आणि दिवेलागणीच्या आत थोडी छाटणी उरकावी म्हणून कात्री शोधायला लागली.